मुखवट्याचे गाव : डोमिनिकन कार्निव्हलच्या सोंगांविषयी काही विचार

१

मुखवट्याचा विचार करू लागताच एक गृहीत आपल्या मनात बहुधा आधीच ठाण मांडून बसलेले असते. ते असे की, मुखवटा हा लपविण्यासाठी असतो. चेहरा झाकला की नाव झाकले जाते, नाव झाकले की माणूस नित्याच्या बंधनांतून सुटतो, आणि मग एरव्ही जे बोलता येत नाही ते बोलण्याची व जे करता येत नाही ते करण्याची मुभा त्यास मिळते. मिखाइल बाख्तिन यांचा राब्लेवरील ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाल्यानंतर या गृहीतास आणखी एका विचाराची जोड मिळाली. कार्निव्हल म्हणजे समाजातील उच्चनीचतेची तात्पुरती उलथापालथ, हा तो विचार होय. बाख्तिन यांची मूळ मांडणी पुष्कळ सूक्ष्म आहे; परंतु तिचे जे सुलभ रूप विद्यापीठीय लेखनात रूढ झाले, त्यात झाकलेला चेहरा आणि उलटलेली व्यवस्था या दोन कल्पना एकमेकींत मिसळून गेल्या. जगातील कोणत्याही कार्निव्हलचे वर्णन आता या दोन शब्दांत आटोपते घेता येते, आणि नेमकी हीच त्या विचाराची अडचण आहे. जे सर्वत्र सारखेच लागू पडते, ते कोणत्याच एका ठिकाणाविषयी फारसे काही सांगत नाही.

प्रस्तुत लेखात डोमिनिकन प्रजासत्ताकातील कार्निव्हलची सोंगे आणि त्यांचे मुखवटे यांच्या आधारे या गृहीताची परीक्षा करावयाची आहे. हिस्पानिओला या कॅरिबियन बेटाचा पूर्वेकडील सुमारे दोन तृतीयांश भाग म्हणजे हे प्रजासत्ताक. पश्चिमेकडील भाग हैतीचा. डोमिनिका नावाचे स्वतंत्र बेट याहून वेगळे आहे, हे सुरुवातीसच नमूद केलेले बरे. मराठी वाचकास कार्निव्हल हा शब्द गोव्यामुळे परिचित आहे. तेथे तो पोर्तुगीजांबरोबर आला. हिस्पानिओलावर तो स्पॅनिश वसाहतीबरोबर आला. मूळ एकाच आयबेरियन द्वीपकल्पाचे असले तरी पुढील इतिहास निराळा आहे, आणि तो निराळेपणाच येथे महत्त्वाचा आहे.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : डोमिनिकन मुखवटा माणसाचे नाव झाकतो, पण त्याचे गाव उघड करतो. तो घालणारा कोण हे कळत नाही. तो कोठला हे मात्र दुरूनच कळते. या परंपरेचे सौंदर्य आणि तिचा अर्थ या दोहोंची किल्ली येथे आहे. आज तिच्यावर जे संकट आले आहे त्याचे स्वरूपही याच दृष्टीने नीट समजते.

२

प्रथम कालगणनेकडे पाहू. ख्रिस्ती परंपरेत कार्निव्हलचे स्थान ठरलेले आहे. ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्याच्या आधीचे काही दिवस खाण्यापिण्याचे, हसण्याखिदळण्याचे. पुढे येणाऱ्या संयमामुळेच आधीच्या स्वैरतेला अर्थ येतो. उलथापालथीच्या उपपत्तीचा हा खरा पाया आहे. उपवास नसेल तर उधळण कशाची?

डोमिनिकन कार्निव्हलने हा पायाच बदलून टाकला. २७ फेब्रुवारी १८४४ रोजी हा देश हैतीच्या बावीस वर्षांच्या सत्तेतून बाहेर पडून स्वतंत्र झाला, आणि कार्निव्हल कालांतराने या राष्ट्रीय दिनाभोवती स्थिरावला. पुढे १८६१ साली देश पुन्हा स्पेनच्या अमलाखाली गेला. १६ ऑगस्ट १८६३ रोजी त्याविरुद्ध उठाव सुरू झाला आणि १८६५ साली स्पेनने माघार घेतली. त्या उठावाच्या स्मृतिदिनीही, म्हणजे भर ऑगस्टात, सोंगे काढण्याची प्रथा पडली. आज ला वेगा, सान्तियागो इत्यादी शहरांत फेब्रुवारीचे सगळे रविवार कार्निव्हलचे असतात. राखेचा बुधवार केव्हा येतो याची त्यास पर्वा नसते. २०२४ साली तो १४ फेब्रुवारीस आला. त्या वर्षी १८ व २५ फेब्रुवारीचे रविवार आणि स्वातंत्र्यदिन हे सर्व उपवासकाळातच पडले. तरी मुखवटे चढले, आसूड वाजले.

यावरून काय निष्पन्न होते? धर्माच्या पंचांगातून हा उत्सव निघाला आणि राष्ट्राच्या पंचांगात जाऊन बसला. ‘संयमापूर्वीची स्वैरता’ हे त्याचे स्पष्टीकरण आता पुरेसे उरत नाही. उत्सवाचा दिवस जर राष्ट्राचा झाला, तर मुखवटाही राष्ट्राचा व्हावा अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र उलट घडले. दिवस राष्ट्राने दिला. मुखवटा गावाने आपल्याकडेच ठेवला.

३

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सान्तियागो दे लोस काबायेरोस या देशातील दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात सापडते. तेथील सोंगास ‘लेचोन’ म्हणतात. शब्दाचा अर्थ डुकराचे पिल्लू. मुखवट्याचे तोंड बदकाच्या चोचीसारखे लांब पुढे आलेले असते, आणि कपाळावरून दोन मोठी शिंगे वर निघालेली असतात. हातात पिळलेल्या दोराचा आसूड असतो. येथवरचे वर्णन साऱ्या शहरास लागू आहे. परंतु शहरात ला होया आणि लोस पेपिनेस या दोन जुन्या वस्त्या आहेत, आणि त्यांचे मुखवटे एक नाहीत. लोस पेपिनेसच्या मुखवट्याची शिंगे गुळगुळीत असतात. ला होयाच्या मुखवट्याच्या शिंगांवर असंख्य लहान लहान काटे उभे केलेले असतात. पूर्वी या दोन वस्त्यांमधील चुरस आसुडाच्या फटक्यांनी चाले.

हा भेद आकारदृष्ट्या किती लहान आहे ते पाहावे. मुखवटा तोच, चोच तीच, वेषही जवळजवळ तोच. फरक केवळ शिंगाच्या पृष्ठभागाचा. तरी तेवढ्यावरून माणूस कोणत्या बाजूचा हे ठरते. एकट्या गुळगुळीत शिंगास काही अर्थ नाही. शेजारी काटेरी शिंग उभे राहिले की त्यास अर्थ येतो. क्लोद लेवी-स्त्रोस यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुखवट्यांवरील ग्रंथात उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील जमातींचे मुखवटे अभ्यासून असा सिद्धान्त मांडला की, कोणताही मुखवटा एकटा घेऊन समजत नाही. तो शेजारच्या दुसऱ्या मुखवट्यास दिलेले उत्तर असतो. एकात जे आहे ते दुसऱ्यात मुद्दाम टाळलेले असते. लेवी-स्त्रोस यांच्यासमोर दूरदूर पसरलेल्या जमाती होत्या. सान्तियागोत तोच न्याय एका शहराच्या दोन वस्त्यांत, चालत जाण्याच्या अंतरावर, पाहावयास मिळतो.

देशाच्या वायव्य टोकावरील मोन्ते क्रिस्ती येथे हाच न्याय आणखी उघड्या रूपात दिसतो. तेथे दोन पक्ष असतात : ‘तोरो’ म्हणजे बैल, आणि ‘सिविल’ म्हणजे साधे नागरिक. तोरो बैलाचा मुखवटा व जाड वेष घालतात. सिविल मुखवटाच घालीत नाहीत. दोन्ही पक्षांच्या हाती आसूड असतात आणि त्यांची भर रस्त्यात झुंज होते. येथे मुखवट्याचे उत्तर मुखवटा नसून उघडा चेहरा आहे. मुखवटा जर केवळ लपण्याचे साधन असता, तर उघड्या चेहऱ्याचा पक्ष या खेळात उभाच राहिला नसता. तो उभा राहतो, कारण येथे मुखवटा ही एका बाजूची खूण आहे, आणि मुखवट्याचा अभाव ही दुसऱ्या बाजूची.

४

ला वेगा शहराचा कार्निव्हल देशात सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि आपल्या प्रतिपादनाची खरी कसोटीही तेथेच लागते. जुने ला वेगा हे वसाहतकाळाच्या आरंभीचे ठाणे होते. १५६२ सालच्या भूकंपात ते उद्ध्वस्त झाले व शहर दुसरीकडे वसले. त्या जुन्या गावात १५२० च्या सुमारास वसाहतकऱ्यांनी मूर आणि ख्रिस्ती यांची सोंगे घेतली होती, आणि तोच या बेटावरील कार्निव्हलचा आरंभ होय, असे परंपरेने सांगितले जाते. हा दावा तेथील लोक अभिमानाने करतात. आपल्या दृष्टीने त्यातील तारखेपेक्षा तो करण्याची गरज अधिक बोलकी आहे : प्रत्येक गावास आपला मुखवटा सर्वांत जुना वाटावा लागतो.

ला वेगाचे सोंग ‘दियाब्लो कोहुएलो’ म्हणजे लंगडा सैतान. हे नाव स्पेनमधून आले. लुईस बेलेस दे गेवारा यांची याच नावाची कादंबरी १६४१ साली प्रसिद्ध झाली. तीत एका विद्यार्थ्याने कुपीतून सोडविलेला सैतान माद्रिदमधील घरांची छपरे उचलून आत काय चालले आहे ते त्यास दाखवितो. लोककथेत हा सैतान इतका खोडकर की इतरांना तो असह्य झाला. त्यास पृथ्वीवर फेकून देण्यात आले व त्या पडण्यात तो लंगडा झाला. त्याचा वेष झगझगीत असतो : पाठीवर प्रावरण, अंगभर घुंगरू, आरसे व फिती. मुखवट्यास शिंगे व विचकलेले दात. हाती आसूड नव्हे, तर ‘बेहिगा’, म्हणजे फुगवून वाळविलेले जनावराचे मूत्राशय. त्याचा तडाखा बघ्यांच्या पार्श्वभागावर बसतो, आणि तो चांगलाच झोंबतो.

या तडाख्यास मी महत्त्व देतो. संग्रहालयातील कपाटात मुखवटा एकटाच ठेवलेला असतो. रस्त्यावर तो कधीच एकटा नसतो. त्याच्या जोडीस मारण्याचे साधन असते, आणि मार खाणारा माणूस असतो. मार खाणाऱ्याने रागावावयाचे नाही, हा अलिखित करार तेथे राहणाऱ्यांस ठाऊक असतो. बाहेरच्या पाहुण्यास तो पहिल्या तडाख्याबरोबर समजतो. ज्या गावात हा करार पाळला जातो त्या गावाची सीमा म्हणजेच त्या मुखवट्याची सीमा. तात्पर्य, मुखवटा ही वस्तू नसून एक संबंध आहे, आणि हा संबंध स्थानाने बांधलेला आहे.

ला वेगाचा मुखवटा गेल्या काही दशकांत फार बदलला आहे. पूर्वी मातीच्या साच्यावर कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवून तो तयार होत असे. त्यास जनावरांची खरी शिंगे व दात बसवीत. आता फोम, रेझिन, फायबरग्लास ही सामग्री सर्रास वापरली जाते. मंडळे दरवर्षी नवा वेष काढतात आणि तो रस्त्यावर येईपर्यंत गुप्त राखतात. व्यापारी कंपन्यांचे साहाय्य मिळू लागल्यापासून खर्चास सीमा राहिलेली नाही. मुखवटे अधिकाधिक तपशीलवार झाले आहेत. स्नायू, सुरकुत्या, ओघळणारे रक्त हे सर्व हुबेहूब असते. कारागिरीच्या दृष्टीने त्यांत थक्क करणारे कौशल्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्यातील कित्येक मुखवटे पाहताना ला वेगाचा सैतान आठवण्याऐवजी परदेशी भयपटातील राक्षस आठवतो. कागदाच्या मुखवट्यास साच्याची मर्यादा होती, आणि त्या मर्यादेमुळेच पिढ्यान्‌पिढ्या एकच नाक, एकच जबडा टिकून राहिला. रेझिनला मर्यादा नाही. म्हणून त्यास स्मृतीही नाही.

५

सामग्री बदलली की मुखवट्याचे गाव सुटते, असा नियम यावरून कोणी काढील. परंतु तो चुकीचा ठरेल. कोतुई या गावाचे उदाहरण त्यास छेद देते. तेथे केळीच्या वाळलेल्या पानांनी अंग झाकणारी सोंगे आहेत. त्यांना ‘प्लातानूस’ म्हणतात. कागदाच्या पट्ट्यांनी अंग झाकणारी ‘पापेलूस’, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या लावणारी ‘फुन्दूस’. केळीचे पान, कागद, प्लॅस्टिक : गावाच्या परसात ज्या काळी जे फुकट मिळाले ते अंगावर आले. येथेही सामग्री बदलली. प्लॅस्टिक हे रेझिनहून काही अधिक पवित्र नाही. तरी कोतुईचे सोंग कोतुईचेच राहिले, कारण त्याचा न्याय बदलला नाही. टाकाऊ वस्तूच्या असंख्य पट्ट्यांनी माणसाचा आकार पुसून टाकावयाचा आणि चालताना त्या पट्ट्यांचा सळसळाट करावयाचा, हा तो न्याय.

म्हणून जुने ते खरे व नवे ते खोटे, ही भूमिका मी घेत नाही. प्रश्न सामग्रीच्या वयाचा नाही. नवी सामग्री गावाच्या न्यायात बसते की गावाचा न्यायच मोडून टाकते, हा प्रश्न आहे. कोतुईच्या प्लॅस्टिकने पहिली गोष्ट केली. ला वेगाच्या रेझिनने बऱ्याच अंशी दुसरी केली.

६

आतापर्यंतची उदाहरणे फेब्रुवारीच्या कार्निव्हलमधील होती. परंतु या देशात मुखवट्यांचे दुसरेही एक पंचांग आहे, आणि त्याची दखल घेतल्यावाचून विवेचन पुरे होणार नाही. नैर्ऋत्येकडील बाराओना प्रांतात काब्राल नावाचे गाव आहे. तेथील ‘काचुआ’ नावाची सोंगे पवित्र सप्ताहाच्या शेवटी निघतात. ख्रिस्ताच्या मरणाचा शोक पाळून होतो न होतो तोच, शनिवारपासून सोमवारपर्यंत, ती गाव ताब्यात घेतात. कागदी लगद्याचा शिंगांचा मुखवटा, त्यावर रंगीत क्रेप कागदाच्या झिरमिळ्यांचे भरघोस केस, अंगात दुरंगी सैल वेष, आणि हाती लांब आसूड. सोमवारी ती गावाच्या स्मशानभूमीत जातात, ज्यूडासचा पुतळा जाळतात, आणि दिवंगत काचुआंच्या थडग्यांवर आसूड वाजवितात.

या शेवटच्या विधीपाशी ‘मुखवटा लपवितो’ ही उपपत्ती पूर्णपणे निरुत्तर होते. थडग्यावर आसूड वाजविणारा माणूस कोणापासून लपत आहे? तो आपल्या आधीच्या मुखवटेधाऱ्यास हाक देत आहे. जो मेला तोही काचुआ, जो वाजवितो तोही काचुआ. मधल्या काळात मुखवटा एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर गेला, एवढेच. गाव म्हणजे येथे केवळ जिवंतांची वस्ती नव्हे. त्यात स्मशानही अंतर्भूत आहे.

हैतीच्या सीमेवरील एलियास पिन्या प्रांतातही पवित्र सप्ताहातच सैतानाचे मुखवटे निघतात. त्याच दिवसांत ऊसमळ्यांतील मजूरवस्त्यांत ‘गागा’ची वाद्यपथके फिरतात, हैतीतील ‘रारा’ या परंपरेशी त्यांचे नाते उघड आहे. या सर्वांचा उगम गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या जीवनाशी जोडला जातो. डोमिनिकन राष्ट्राची अधिकृत प्रतिमा दीर्घ काळ स्पॅनिश व कॅथलिक अशी रंगविली गेली. हैतीपासून आपण भिन्न आहोत हेच तिचे मुख्य सूत्र होते. राफाएल त्रुहियो यांच्या हुकूमशाहीत, १९३० ते १९६१ या काळात, ते सूत्र राज्यधोरण बनले, आणि १९३७ साली सीमाभागात हैतीवंशीयांच्या कत्तलीपर्यंत ते जाऊन पोहोचले. अशा देशात एखाद्या मुखवट्याचे मूळ स्पॅनिश की आफ्रिकी, हा केवळ विद्वानांचा वाद राहत नाही. कोणास आपले म्हणावयाचे, याचा तो निवाडा असतो. दागोबेर्तो तेहेदा ओर्तिस यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रादेशिक सोंगांच्या वैविध्याकडे आणि त्यातील आफ्रिकी वाट्याकडे सातत्याने लक्ष वेधले, त्यांच्या कार्याचे मोल या पार्श्वभूमीवर समजते.

तथापि मूळ शोधण्याच्या या पद्धतीसही एक मर्यादा आहे. दियाब्लो कोहुएलोचे नाव स्पॅनिश आहे म्हणून ला वेगाचा सैतान स्पॅनिश ठरत नाही. काचुआचे पूर्वज आफ्रिकी होते म्हणून काब्रालचा मुखवटा आफ्रिकेत सापडणार नाही. मूळ सांगितल्याने मुखवटा कोठून निघाला हे कळेल. तो कोठे येऊन पोहोचला हे कळणार नाही. आणि तो जेथे पोहोचला तेथेच त्याने आकार घेतला.

७

हा मुद्दा सान पेद्रो दे माकोरीस येथील ‘गुलोया’ या सोंगांनी उत्तम रीतीने सिद्ध होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटिश अमलाखालील कॅरिबियन बेटांतून मजूर येथे उसाच्या शेतांत कामास आले. ते इंग्रजी बोलणारे होते; येथील लोक त्यांना ‘कोकोलो’ म्हणत. तो शब्द मूळचा हिणविण्याचा. पुढे तो अभिमानाचा झाला. त्यांनी आपली देवळे, शाळा व परस्परसाहाय्य मंडळे उभारली, आणि आपली नृत्यनाट्येही आणली. डेव्हिड आणि गोलायथ या बायबलमधील जोडीचे नाट्य त्यांपैकीच. गोलायथ या नावाचेच ‘गुलोया’ झाले असे मानतात. मोरपिसांचे उंच शिरोभूषण, मण्यांनी व आरशांनी मढविलेले प्रावरण, बासरी आणि ढोल यांसह ती नाताळात, संत पीटरच्या दिवशी आणि कार्निव्हलमध्ये रस्त्यावर येतात. या परंपरेस युनेस्कोने २००५ साली गौरविले आणि २००८ साली आपल्या वारसायादीत समाविष्ट केले.

येथे परक्यांचे सोंग गावाचे झाले. आज सान पेद्रोची ओळख सांगावयाची तर गुलोयाचे नाव प्रथम येते. ज्यांना गावाने परके म्हटले त्यांनीच गावाला त्याचे सोंग दिले. मुखवट्याचे गाव म्हणजे रक्ताचे वा वंशाचे गाव नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. नाही तर प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एका संकुचित प्रादेशिकतेचे समर्थन ठरण्याचा धोका आहे. गाव जन्माने मिळते तसे वर्षानुवर्षे त्याच रस्त्यावर नाचल्यानेही मिळते.

८

येथे एक आक्षेप येऊ शकेल, आणि तो वजनदार आहे. काही सोंगे कोणत्याच गावाची नाहीत. ‘रोबा ला गायिना’, म्हणजे कोंबडीचोर, हे पात्र देशभर आढळते : स्त्रीवेष घेतलेला पुरुष, अवाढव्य उरोभाग आणि नितंब, हाती छत्री, मागे पोरांचा घोळका, दुकानादुकानांतून ते भेट मागत हिंडते. राजधानी सान्तो दोमिंगोतील ‘कालिफे’ हा काळा लांब कोट आणि उंच टोपी घालून पुढाऱ्यांवर व प्रतिष्ठितांवर पद्यातून टीका करतो. ‘तिस्नाओ’ अंगास काजळी फासून येणाऱ्याजाणाऱ्यास रंगविण्याची धमकी देतात व पैसे उकळतात. मग गावाचा सिद्धान्त येथे कसा लागावा?

तो तसाच लागत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु एक गोष्ट लक्षणीय आहे. या तिन्ही सोंगांत घडविलेला मुखवटा महत्त्वाचा नाही. कोंबडीचोराचे सारे लक्षण शरीरात आहे, कालिफेचे वाणीत, तिस्नाओचे काजळीत. ही पात्रे आहेत. त्यांची ओळख ती काय करतात यावरून पटते. ज्यांची ओळख मुखवट्याच्या घडणीवरून पटते अशी सोंगे मात्र जवळजवळ नेहमीच एखाद्या गावाची वा वस्तीची आहेत. उलथापालथीची उपपत्ती पहिल्या वर्गास चांगली लागू पडते. पुरुष स्त्री होतो, सामान्य माणूस प्रतिष्ठितांना बोल लावतो. ती उपपत्ती टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. तिचे क्षेत्र कोणते, एवढेच सांगावयाचे आहे.

९

१९८३ साली सान्तो दोमिंगोच्या समुद्रकाठच्या हमरस्त्यावर राष्ट्रीय मिरवणूक सुरू झाली. प्रांतोप्रांतीची सोंगे तेथे एकत्र येतात, क्रमाने पुढे जातात, त्यांचे परीक्षण होते आणि पारितोषिके दिली जातात. या मिरवणुकीने एक मोठे कार्य केले. काब्रालचा काचुआ आणि सान पेद्रोचा गुलोया यांना राजधानीने पाहिले. ज्यांना अधिकृत प्रतिमेत स्थान नव्हते त्यांना राष्ट्राच्या रांगेत स्थान मिळाले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण याच मिरवणुकीने मुखवट्याचा स्वभाव बदलला. कार्निव्हलमध्ये रंगमंचाची कड नसते, करणारा आणि पाहणारा असा भेद नसतो, असे बाख्तिन यांनी आग्रहाने सांगितले होते. राष्ट्रीय मिरवणुकीत ही कड आली : एका बाजूस सोंगे, दुसऱ्या बाजूस प्रेक्षक व परीक्षक. काचुआ तेथे चालतो, परंतु त्याचे स्मशान तेथे नाही, आणि दिवसही त्याचा नाही. लोस पेपिनेसचे गुळगुळीत शिंग तेथे येते, परंतु शेजारी ला होयाचे काटेरी शिंग उभे असले तरी दोघांमधील सीमारेषा, म्हणजे तो रस्ता, तेथे नसतो. बेहिगाचा तडाखा अनोळखी प्रेक्षकास द्यावा तर करार नाही. न द्यावा तर सोंग मुके. परीक्षकासमोर काय टिकते? दुरून दिसणारे, आकाराने मोठे, तपशिलाने हुबेहूब. शिंगावरच्या काट्यांचा सूक्ष्म भेद टिकत नाही. ला वेगाच्या रेझिनच्या मुखवट्याचे अनुकरण इतर गावांत होऊ लागते त्याचे कारण येथे आहे. स्पर्धेत सर्वांना एकच मोजमाप लागले की सर्व मुखवटे एकमेकांसारखे होऊ लागतात. आणि सर्व सारखे झाले की कोणताच मुखवटा कोणास उत्तर देत नाही.

यावर कोणी म्हणेल की राष्ट्राने मुखवटे एकत्र केले, यात वाईट काय? गावाच्या अभिमानापेक्षा राष्ट्राचा अभिमान मोठाच. परंतु या परंपरेत गाव आणि राष्ट्र यांचा असा विरोध कधीच नव्हता. स्वातंत्र्याच्या दिवशी प्रत्येक गाव आपापला निराळा चेहरा घालून रस्त्यावर आले, आणि त्या निराळेपणातूनच देश उभा राहिला. देशाचा एकच एक मुखवटा होता असे नाही. परस्परांस उत्तर देणाऱ्या मुखवट्यांची मालिका हाच त्याचा चेहरा होता. मालिकेतील दुवे पुसून एक भव्य सैतान उभा केला, तर तो कोठेही शोभेल. म्हणूनच तो डोमिनिकन राहणार नाही.

१०

समीक्षकाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक निकष हाती येतो. लोकमुखवट्याचे मूल्यमापन करताना त्याची प्राचीनता, त्याचे मूळ किंवा त्यातील कारागिरी यांपैकी कोणत्याही एका गोष्टीवर विसंबून चालणार नाही. तीन प्रश्न विचारावयास हवेत. हा मुखवटा कोणत्या दुसऱ्या मुखवट्यास उत्तर देतो? त्याच्या हाती काय असते, आणि ते कोणावर चालते? तो कोणत्या दिवशी, कोणत्या रस्त्यावर चढविला जातो? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जेथे मिळतात तेथे मुखवटा जिवंत आहे, मग तो प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा असो की कागदाचा. जेथे एकाही प्रश्नास उत्तर नाही तेथे उरते ते शिल्प. ते सुंदर असू शकेल, पण त्यास मुखवटा म्हणण्याचे कारण नाही.

लोककलांच्या अभ्यासात वस्तू गोळा करणे सोपे असते आणि संबंध नोंदविणे कठीण. मुखवटा कपाटात ठेवता येतो. रस्ता ठेवता येत नाही. म्हणूनच नोंद करणाऱ्याने मुखवट्याच्या लांबीरुंदीबरोबर रस्त्याचे नाव, समोरच्या वस्तीचे नाव आणि आसुडाच्या दोराची जातही टिपून ठेवावी. सान्तियागोत उद्या कोणी शिंगावरचे काटे मोजावयास बसला आणि ते ज्याच्या विरुद्ध उगवले त्या गुळगुळीत शिंगाची नोंद घ्यावयास विसरला, तर त्याच्या हाती काटे पुष्कळ लागतील. ला होया लागणार नाही.